नऊ नंबरचा उतार

सुनेनं दुसरा गिअर टाकला आणि इंजिन कुरकुरलं. शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी उजवा पाय करकचून खाली दाबला. तिथं ब्रेक नव्हता, पण पायाला कोण सांगणार!

“तीव्र उतार, दहा टक्के,” त्यांनी पिवळी पाटी मोठ्यानं वाचली.

“वाचलं मी, बाबा.”

“ज्या गिअरमध्ये चढवली...”

“त्याच गिअरमध्ये उतरवायची. माहितीये.”

ट्रकमध्ये फरश्या खच्चून भरल्या होत्या. सासऱ्यांचा गुडघा कामातून गेला तसा ट्रक दारात नुसता उभा होता. मुलगा बेकरीत सुखी. उताराचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. सून मात्र हट्टाला पेटली. परवाना काढला, सपाटीवर वर्षभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या. सासरे म्हणाले, नऊ नंबर महामार्गाचा उतार उतरून दाखव, मग ट्रक तुझा. आणि खालच्या पेट्रोल पंपावर गिऱ्हाईकही बोलावून ठेवलं; नाही जमलं, तर तिथल्या तिथे विकून मोकळं. तिला राग आला होता आणि हसूही. म्हातारा दोन दगडांवर पाय ठेवून होता.

मागून एका मोटारीनं हॉर्न वाजवून कान किटवले. तिचा हात तिसऱ्या गिअरकडे गेला, आणि परत स्टीअरिंगवर आला.

“घाई असेल तर उडून जा की,” ती पुटपुटली. जागा मिळताच मोटार पुढे सटकली.

“वळण,” सासरे म्हणाले. पुढच्या पाटीला म्हणाले, “दरड.” त्यापुढच्या पाटीला काहीच नाही. त्याच्याही पुढच्या पाटीला नाही.

रागावले की सासरे तोंडाला कुलूप लावतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्यावरून नजर हटवायची सोय नव्हती. काय चुकलं? ब्रेकला तर तिनं जेमतेम पाय लावला होता. जाऊ दे, विकायचाच असेल तर निदान आजचा उतार तरी आपला, असं म्हणून ती नीट सावरून बसली. एकेक वळण मागे पडत गेलं आणि तिला मनापासून आनंद झाला, उगाच गाणं म्हणावंसं वाटण्याइतका.

पंपावर ट्रक उभा करून तिनं वळून पाहिलं. सासऱ्यांचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

गिऱ्हाईक लगबगीनं आलं. सासऱ्यांचा जुना जोडीदार. दोघांनी याच रस्त्यावर आळीपाळीनं गाडी चालवत उभी हयात घालवलेली.

“हळू बोला, काका. झोपलेत.”

“कुठपासून?”

“दरडीच्या पाटीपासून, बहुतेक.”

पायरीवर चढून तो बराच वेळ आत बघत राहिला.

“माझ्या शेजारी कधी डोळा मिटला नाही यानं. सपाटीवरसुद्धा नाही.”

तो खाली उतरला, हात झटकले.

“झोपू दे त्याला. निघतो मी.”

“अहो काका, पण गाडीचं काय?”

“कसली गाडी?” म्हणत तो आपल्या स्कूटरकडे चालू लागला.