धवलला पुलावर पाठवण्याचा ठराव

चार महिने खेळलेल्या त्या गेमबद्दल माझं मत विचाराल तर गेम उत्तम होता, आणि आता त्याचं नुसतं नाव काढलं तरी मी उठून चालायला लागतो.

साल २००५. माझ्या मित्राला, धम्मपालला, त्याच्या वडिलांनी इंजिनिअरिंगसाठी कॉम्प्युटर घेऊन दिला होता, म्हणून आम्ही त्यावर गेम खेळायचो. आपले आठ सैनिक, समोर राक्षस. आधी आपल्या आठांनी एकेक चाल करायची, मग राक्षसांनी. आपली पाळी संपेपर्यंत ते कुऱ्हाडी घेऊन उभे असतात. जांभया देतात, पण मध्ये घुसत नाहीत. एवढी शिस्त मी कोल्हापुरातल्या कुठल्याही सिग्नलला पाहिलेली नाही. टेकडीवरून बाण मारला तर दुप्पट लागतो, पाठीमागून वार केला तर तिप्पट. थोडक्यात, डोकं चालवावं लागतं. प्रत्येक चालीनंतर गेम आपोआप सेव्ह होतो, तोही जुन्यावरच. त्यामुळे लाइट गेली तरी काही जात नाही, पण मेलेला सैनिकही परत येत नाही.

सैनिकांना नावं आपण द्यायची असतात. आम्ही गल्लीतल्या माणसांची दिली. ही अक्कल माझी. तिरंदाजाला मी माझंच नाव दिलं होतं : धवल. चार महिन्यांत त्याला ओरखडाही येऊ दिला नव्हता. माझ्या बी.कॉम.पेक्षा त्याची प्रगती चांगली होती आणि मला त्याला शेवटपर्यंत जिवंत न्यायचं होतं. बाकी काही नको होतं.

धम्मपालच्या आईनं, म्हणजे आक्काताईंनी, ही नावांची गंमत नळावर सांगितली. दुसऱ्या दिवशी खालच्या पिठाच्या गिरणीचे गुंडूकाका वर आले. तोंडात मावा, भुवयांवर पीठ.

"मी कोण हाय ह्यात?"

"खेचर हाकणारे," धम्मपाल म्हणाला.

"आणि बायडाबाई?"

"सरदार."

शेजारच्या बायडाबाईंचा मान ऐकून काकांनी खिडकीतून पिंक टाकली. अर्धी बाहेर गेली, अर्धी गजांनी ठेवून घेतली.

मग ज्याला त्याला आपापला माणूस बघायचा होता. या गेमचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो थांबतो, विचार करायला हवा तेवढा वेळ देतो. आणि आमच्या गल्लीला वेळ मिळाला की गल्ली मीटिंग घेते. गुंडूकाका अध्यक्ष झाले. एक चाल तीन दिवस चालली, कारण बायडाबाई नृसिंहवाडीला गेल्या होत्या आणि त्यांना विचारल्याशिवाय सरदार हलवायचा नाही, असं ठरलं होतं. राक्षस तीन दिवस ताटकळले. माउस भज्यांच्या तेलानं बुळबुळीत झाला. कीबोर्डच्या फटींत पीठ, आणि त्या पिठात मुंग्या.

शेवटच्या लढाईत एक पूल होता. एकानं पुलावर उभं राहून राक्षस अडवायचे, तेवढ्यात बाकीच्यांनी नदी ओलांडायची. सरदाराला चिलखत होतं, तो टिकला असता. मी तसं सांगितलं.

"माझ्या पदरात पोरंबाळं हाईत," बायडाबाई म्हणाल्या.

"मावशी, गेममध्ये नाहीत."

"म्हणून काय झालं? घरात हाईत की!"

"मला गिरणी हाय," काका म्हणाले. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "धवलचं लगीन झालेलं न्हाय. मागं रडायला कोण न्हाय."

"काका, तिरंदाजाला पुलावर उभं करतात का? तो टेकडीवरून..."

"टेकडीवरनं काय बी हुत न्हाय. तरण्या पोरानं म्होरं व्हायचं असतंय. करा हात वर."

सात हात वर गेले. धम्मपालचा उजवा हात माउसवर होता, म्हणून त्यानं डावा वर केला.

"धम्या, लाज वाटू दे!"

"बहुमत हाय, भावा."

धवल टेकडी उतरून पुलावर गेला. राक्षसांच्या पाळीत त्याला अकरा कुऱ्हाडी लागल्या. रांगेनं, कुणीही घाई न करता. बाकीचे सात नदी ओलांडून जिंकले.

"उठा," गुंडूकाका म्हणाले. "दोन मिनिटं."

सगळे मान खाली घालून उभे राहिले. मीही राहिलो. एकटा बसून राहणं बरं दिसलं नसतं. त्या शांततेत काकांचा मावा चघळल्याचा आवाज स्पष्ट येत होता. एक मिनिट झालं असेल नसेल, काकांनी धम्मपालला हळूच विचारलं, "मयताच्या अंगावर काय काय हाय?"

धम्मपालनं क्लिक केलं. "धनुष्य, अंगठी, बूट."

"बूट मला घाल. खेचरामागं चालून पाय गेलं पार."

"अंगठी माझी," बायडाबाई मान खालीच ठेवून म्हणाल्या.

पडद्यावर माझ्या मढ्याच्या पायातले बूट निघाले आणि गुंडूकाकांच्या पायात चढले. काकांनी खाली आपल्या खऱ्या पायांकडं एकदा समाधानानं पाहिलं.

आक्काताईंनी भडंग आणलं. बायडाबाईंनी ताटली माझ्यापुढं केली. डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं.

"लई गुणाचं पोरगं हुतं रं," त्या मला माझ्याबद्दल सांगू लागल्या. "खा की. तू उपाशी राहून ते काय माघारी येणार हाय?"

मी मूठभर घेतलं. मऊ पडलं होतं.