नवव्या डावातली बस

ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात मासे तळले जात आणि निम्मं क्लीव्हलँड शहर तिथे जेवायला येई. जागा मिळेल तिथे बसायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. व्हिल्मा ह्रोवात आणि तिची शेजारीण रोझालिया यांच्या टेबलावर त्या दिवशी एक पन्नाशीचा धिप्पाड माणूस येऊन बसला. लामॉन्ट टिब्स असं नाव सांगितलं आणि लगेच माशावर लिंबू पिळायला लागला.

बेसबॉलचा नवा मोसम तोंडावर होता, त्यामुळे बोलणं सत्त्याण्णव सालच्या अंतिम मालिकेवर जायला वेळ लागला नाही. या शहरात ते जातंच. सातवा, शेवटचा सामना. क्लीव्हलँडच्या संघाला अठ्ठेचाळीस सालापासून न मिळालेलं अजिंक्यपद. एका धावेची आघाडी, शेवटच्या डावात आणखी दोन गडी बाद झाले की संपलं, आणि तिथून हातचं गेलेलं सगळं.

"मी बहिणीकडे," रोझालिया म्हणाली. "मेहुण्याने शॅम्पेन बर्फात घातली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात परत द्यायला गेला, मेला! तू कुठे होतीस गं, व्हिल्मा?"

"ड्यूटीवर," व्हिल्मा म्हणाली. हे उत्तर ती वीसेक वर्षं देत आली होती आणि त्यावर कुणी पुढे विचारत नसे.

"मी बसमध्ये होतो," लामॉन्ट म्हणाला. "युक्लिड रस्त्याची बस. आणि आम्ही उतरलोच नाही."

व्हिल्माने काटा खाली ठेवला.

लामॉन्ट रंगात आला. तेव्हा तो हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात भांडी घासत असे. कामावरून घरी निघाला होता, मांडीवर रेडिओ. बसमध्ये दहा-बारा जण, सगळ्यांचे कान त्या रेडिओकडे. नववा, म्हणजे शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा एका म्हाताऱ्याचा थांबा आला. तो उठला आणि त्याच क्षणी समोरच्या संघाच्या पहिल्या फलंदाजाने चेंडू मैदानात मारून पहिला तळ गाठला. सगळे ओरडले, "बसा हो आजोबा, बसा!" म्हातारा बसला. पुढचा फलंदाज बाद.

"झालं! मग कोण उठतंय? एकेकाचा थांबा येत होता आणि जात होता. एक बाई तर स्वतःच्या घराच्या खिडकीतला दिवा बघत पुढे गेली."

"तरी बरोबरी झालीच की," रोझालिया म्हणाली.

"झाली ना. आणखी एक फटका बसला, मग एक चेंडू उंच उडाला. झेलला, पण तिसऱ्या तळावरचा गडी पळत शेवटच्या तळावर पोचला, धाव झाली. मागून कुणीतरी खेकसलं, 'कोण उठलं रे?' कुणीच उठलं नव्हतं."

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तरी कुणी उतरलं नाही. बरोबरीमुळे वाढलेला दहावा डाव तिथेच ऐकला. म्हाताऱ्याच्या पिशवीत आइस्क्रीमचा डबा होता, ते वितळायला लागलं, तेव्हा कॉफीच्या पेल्यांच्या झाकणांनी सगळ्यांनी मिळून खाल्लं. अकराव्या डावात समोरच्यांचा फटका क्लीव्हलँडच्या गोलंदाजाच्या हाताला निसटता लागून मधून निघून गेला आणि संपलं, हरले. लामॉन्टने रेडिओ बंद केला. आपापल्या घरापासून कोस-कोस लांब, अंधारात, बारा माणसं. परतीची बस नाही.

"ड्रायव्हर उठून उभा राहिला," लामॉन्ट म्हणाला. "चांगला आडदांड गडी, मिशावाला. म्हणाला, 'थांबे सांगू नका, घरं सांगा.' आणि एकेकाला दारात सोडलं हो त्याने! गल्लीबोळांतून, एवढी मोठी बस!"

रोझालिया हसली. व्हिल्मा पाणी प्यायली.

"मिशा नव्हत्या," ती म्हणाली.

"अहो बाई, मी होतो तिथे."

"तू चपलाबूट दुरुस्त करायच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचास. गल्ली इतकी अरुंद होती की मला उलटी गाडी काढावी लागली. तू मागे उभा राहून हातवारे करत होतास आणि चुकीचे करत होतास. कचऱ्याचे दोन डबे गेले."

लामॉन्टने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पांढरे केस, विणलेला स्वेटर, पाच फुटांची बाई.

"मिशा कुठून आणल्या मग मी?" तो म्हणाला.

"मला काय माहीत? पुढे झाप असलेली टोपी असायची आमची. सावली पडत असेल."

"अगं, तू मला कधी सांगितलं नाहीस!" रोझालिया जवळजवळ ओरडली.

"काय सांगायचं? शिक्षा म्हणून डेपोने दोन आठवडे गाडी दिली नाही मला. तेवढ्यात घर रंगवून काढलं."

"पण का केलंत?" लामॉन्टने विचारलं.

व्हिल्माला त्या वेळी काही उदात्त सुचलं नव्हतं. तिला घरी जायचं नव्हतं, एवढंच. तिचा नवरा मिलान लहानपणी बापाच्या खांद्यावरून अठ्ठेचाळीसची विजयाची मिरवणूक पाहून आला होता आणि दर वर्षी पुन्हा तीच होणार म्हणून बसायचा. हरल्यावरचा त्याचा चेहरा बघायला लागू नये म्हणून प्रत्येक घर दूर असावं असं तिला वाटत होतं.

"वळायला जागा शोधत होते," ती म्हणाली. "आणि घरी पोचले तर मिलान फोनपाशी. मी वेळेवर आले नाही म्हणून अपघात झाला असं धरून बसलेला. डेपोला, पोलिसांना, सगळ्यांना फोन. अकरावा डाव चुकला त्याचा. मला दारात बघून आधी रडला, मग विचारलं, जिंकलो का?"

"आणि तुम्ही?"

"सांगितलं, नाही. म्हणाला, 'बरं झालं.' काय बरं झालं ते बोलला नाही. नंतर टीव्हीवर तो शेवटचा फटका दाखवायला लागले की उठून आत जायचा. मरेपर्यंत पाहिला नाही त्याने."

लामॉन्टने मान हलवली. मग आपल्या ताटातला माशाचा मोठा तुकडा उचलून त्याने तिच्या ताटात ठेवला. व्हिल्माने नको म्हटलं नाही.