सॉरीसाठी दोन शब्द

सकाळी प्रेस मशीनमध्ये सापडून पाहुणा जपानी इंजिनिअर गेला. काम लवकर उरकावं म्हणून मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवली होती ती सुपरवायझरनं, आणि सुपरवायझर म्हणजे दुभाषी बाईचा सख्खा थोरला भाऊ. आता फोनवर त्या इंजिनिअरची बायको होती. नवरा गेल्याचं तिला कळवून झालं होतं.

"सांग, वुई आर व्हेरी सॉरी," कारखान्याचे साहेब तिला म्हणाले. "आणि ठेव फोन."

इंग्रजीचं बरं असतं मेलं, एका सॉरीत सगळं खपतं! जपानीत एक शब्द म्हणतो, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. दुसरा म्हणतो, चूक आमची, तोंड दाखवायला जागा उरली नाही.

दादा समोर उभा होता. त्याला जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बहिणीचा चेहरा वाचता येत होता. त्यानं हात जोडले.

ती पहिला शब्द बोलली.

पलीकडून त्या बाईनं रडू आवरत दुसरा शब्द उच्चारला. "मोशिवाके आरिमासेन. माझ्या नवऱ्यामुळे तुम्हा सगळ्यांना केवढा त्रास झाला."

"काय म्हणाली?" दादानं विचारलं.

"सॉरी म्हणतायत," ती कशीबशी म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "झालं तर मग, फिट्टंफाट!"