नाटकातलं बोलावणं

माझ्या लेकीच्या, नूतनच्या लग्नाला देवाजीभाऊ येणार की नाही, हीच काळजी मला त्या हिवाळ्यात खात होती. देवाजीभाऊ म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाणी कोणी फोडलं यावरून दोघा भावांचं बोलणं बंद पडलं, ते बंदच. घरं एका भिंतीची. पलीकडचा खोकला ऐकू यायचा, पण हाक नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात. आमच्याही गावानं बसवलं. नट्या नाटक मंडळ्यांच्या वडशाहून आल्या, पुरुष गावचेच. त्यातल्या दोन भावांची कामं नेमकी या दोघांकडेच आली. तालमीत आपापले संवाद म्हणायचे आणि वेगवेगळ्या वाटेनं घरी यायचे. असले नमुने.

प्रयोगात यांनी, म्हणजे आमच्या गुणवंतरावांनी, भावाचे पाय धरले. "दादा, चुकलो मी. घरी चला." माइकवर यांचा आवाज फाटला. भासऱ्यांनी उचलून छातीशी धरलं. दोघेही खरोखरच रडत होते. मीही पदरानं डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर हे खुशीत. "झालं. बोललो भावाले. आता येते लग्नाले."

"ते तर लिहिलेलं होतं," मी म्हटलं.

"रडलो, ते कोनं लिहिलं होतं?"

ते खरं होतं, म्हणून जास्तच चीड आली.

आमच्याकडे घरच्या माणसाला नुसती पत्रिका देत नाहीत, दारी जाऊन बोलावतात. हे गेले नाहीत. हळदीचा दिवस उजाडला, तरी भिंतीपलीकडून कोणी फिरकलं नाही. सख्खा काका नसलेला मांडव मला बघवेना. मी यांना अक्षरशः घराबाहेर ढकललं आणि मागोमाग गेले.

एवढ्या गर्दीपुढे न अडखळणारा माणूस भावाच्या अंगणात मुका उभा. भासरे बाजेवर सुपारी कातरत होते. शेवटी यांच्या तोंडून निघालं, "भाऊ, गंज पाहिजे होता. भाताले." पातेल्याला आम्ही गंज म्हणतो.

"मोठा का मधला?"

"मोठाच."

भासरे आत गेले, गंज ओढत दारात आणला आणि थांबले. "माइकवर साऱ्या गावाले सांगितलं तू. मले काऊन नाई सांगितलं?"

यांची मान खाली. "उद्या नूतनचं लग्न हाय, भाऊ. तुमी नसान तर मले जमणार नाई."

"मंग असं बोल ना," भासरे म्हणाले. "धर तिकडून. एकट्याले नाई उचलत हा."