चेतनगुणोक्तीचं उदाहरण

कप बशीवर टेकला तो 'टक्' असा नाही, 'टण्' असा. म्हणजे चहा संपला, साखर कमी होती, आणि तरीही तो तोंडानं काही सांगणार नाही. बशीत चहाचा अर्धगोल डाग राहिला होता. तिनं डाग पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं नाही. तो उठला, खुर्ची फरशीवर करकरली, चपला फटफटत दारापर्यंत गेल्या, कडी खाडकन सरकली. चार महिने या घरात संभाषण चालतं ते एवढंच… आणि मी शाळेत भाषा शिकवते, तिच्या मनात आलं, सातवीच्या मुलांना अलंकार शिकवते, उपमा काय नि अनुप्रास काय—

चार महिन्यांपूर्वी भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, तो म्हणाला होता, "आमच्या हिला 'भाजी करपली' असं सरळ म्हणता येत नाही. ही म्हणणार, कढईला शोक झाला!" सगळे हसले. नणंद तर डोळे पुसेपर्यंत हसली. वहीत जपून लिहिलेल्या कविता त्यानेच कधीतरी चोरून वाचल्या होत्या, म्हणूनच त्याला नेमका वर्मी घाव घालता आला. आणि मग तोच अबोला धरून बसला. चोराच्या उलट्या बोंबा, त्यासुद्धा मुक्या.

तिसऱ्या तासाला तिनं फळ्यावर 'ध्वनीचं अनुकरण करणारे शब्द' असं लिहिलं. मुलांनी पाठ केलेलं ओकून टाकलं: रिमझिम, खळखळ, किणकिण. यांच्यातल्या एकानंही झरा पाहिलेला नव्हता.

"गाइडातले नकोत," ती म्हणाली. "डोळे मिटा आणि आपापलं घर ऐका. काय ऐकू येतं?"

मिक्सरची घरघर आली, आजोबांचं घोरणं आलं, हशा झाला. मग दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. वर्षभरात जिचा आवाज हजेरीपुरताच ऐकला होता, ती. डोळे अजून मिटलेलेच.

"बाई, आमच्या घरी आई-बाबा बोलत नाहीत. भांडी बोलतात."

"वा!" तिच्या तोंडून निघून गेलं. खडू आपसूक धावला. "बघा, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते—ही चेतनगुणोक्ती. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा कितीतरी सरस! लिहून घ्या." अडतीस माना वह्यांवर वाकल्या. तिला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता… कसला आनंद? आपलं दुखणं दुसऱ्याच्या तोंडी, नीट वाक्यात, कर्ता-क्रियापदासकट सापडलं याचा?

"पातेलं काय म्हणतं गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"ढण्!" दुसऱ्यानं उत्तर दिलं, आणि वर्ग फुटला. ती 'गप्प बसा' म्हणाली खरी, पण म्हणताना तिचेही ओठ हसत होते, आणि उभ्या असलेल्या मुलीनं तेवढ्यातच डोळे उघडले होते. मुलगी खाली बसली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पोरं तिच्याभोवती नाचत होती: पातेलं पेटलं, पळी पळाली, परात पडली पालथी! आठवडाभर घसा कोरडा करून जो अनुप्रास यांच्या डोक्यात शिरला नव्हता, तो दहा मिनिटांत आला होता. तिनं त्यांना हाकललं. मुलीजवळ मात्र गेली नाही. काय म्हणणार होते मी?

शाळा सुटल्यावर मुलीची आई आली. औषधाच्या दुकानातला निळा कोट अंगावर तसाच. मुलगी पाठीशी, दप्तराचा पट्टा चावत.

"बाई, तुम्ही आमचं घर फळ्यावर लिहिलंत?"

"अहो, उदाहरण होतं ते. तिनं इतकं सुंदर सांगितलं—"

"सुंदर?"

"तसं नाही हो… मला कळतं तुमचं." तिनं आवाज खाली आणला, मायेनंच बोलत होती ती. "माणूस असा घुम्यासारखा वागायला लागला, की बाईच्या जातीनं किती सोसायचं—"

"कोण घुमा?" आई म्हणाली. "ते बोलतात. रोज बोलतात, विनवण्या करतात. मी बोलत नाही." तिनं मुलीकडे एकदा वळून पाहिलं. "तेवढं एकच माझ्या हातात उरलंय, बाई. ते तुम्ही पोरांना लिहून घ्यायला सांगितलंत."

"मी पुसते. आत्ता पुसते."

"पुसून काय होतंय? वह्यांत आहे ना."

दोघी गेल्या. "उद्या ये हं," ती मुलीला म्हणाली, आणि मुलगी वर्गात म्हणतात तसंच, सुरात, "हो बाई" म्हणाली.

घरी जाताना ती नेहमीपेक्षा हळू चालत होती. रस्ता तोच, पण 'मी बोलत नाही' हे वाक्य कानातून हलेना. चार महिन्यांपूर्वीची ती दुसरी सकाळ… तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "अगं, गंमत केली मी," म्हणाला होता. तिनं नळ पूर्ण सोडला. तो पुन्हा काहीतरी म्हणाला, मोठ्यानं. पाणी भांड्यावर आदळत राहिलं. तिसऱ्या दिवशीही तो आला होता का? आला होता. त्यानंतर आला नाही. हे मी विसरले कशी—विसरले नाही. मुलांच्या निबंधातली वाक्यं सुधारते तसं सुधारून ठेवलं, तांबड्या शाईनं, कर्ता बदलून.

तिनं दार उघडलं तेव्हा तो खिडकीशी पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला आणि घसा खाकरला. हे खाकरणं तिच्या ओळखीचं होतं. टोमणा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आज प्रथमच वाटलं, हा टोमणा नसेलही. प्रश्न असेल. रोज संध्याकाळी हा माणूस तिला एकच प्रश्न विचारत असेल, आणि त्याला 'काय?' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. शब्द अगदी जिभेवर आला होता. ती पर्स खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिली. तिला लाज वाटत होती, मुलीची, त्या आईची, स्वतःची. आणि त्या लाजेखाली कुठेतरी, तो वाट पाहतोय हे कळल्यामुळे, तिला बरं वाटत होतं.