कधी न अडणारा पंप

जावई हुशार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हुशार माणसाला खूळ लागलं की तेही जबर लागतं. इस्पितळातल्या औषधाच्या पंपांचे प्रोग्राम मी उभी हयात लिहिले. हा माझ्याच कंपनीत आला आणि नव्या पंपाचा प्रोग्राम लिहायला घेतला तो कुणी नावही न ऐकलेल्या संगणकभाषेत.

"आई, या भाषेत काहीही धरून चालता येत नाही," तो कौतुकाने सांगायचा. "एखादा आकडा माहीत नसेल तर ती पुढे सरकतच नाही."

"म्हणजे अडून बसते. तसली माणसं घरात काय कमी आहेत?" मी म्हणायचे. "आणि उद्या तुम्ही नसलात तर ती कुणाच्या बापाला वाचता येणार?"

मग लेकीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. जावयाने हट्टाने तिला आपलाच पंप लावून घेतला.

आज दुपारी सिस्टरने औषधाची सिरिंज बदलली आणि पंप पुन्हा चालूच होईना. पडद्यावर एकच ओळ: वजन माहीत नाही. बाळाखालच्या वजनकाट्याची वायर कुठेतरी सैल झाली होती, आणि हाताने घातलेला आकडा पंप मानायला तयार नव्हता. त्या औषधावर पोरीचं हृदय चालत होतं. जावई फरशीवर पालथा पडून वायर चाचपत होता.

माझं डोकं फिरलं. "सकाळी होतं तेच वजन आता असणार, एवढी साधी अक्कल नाही तुमच्या भाषेला? पोर जाईल हो माझी."

तो आणखी आत सरकून वायरचं दुसरं टोक शोधू लागला.

"बाई, तुमचा जुना पंप कपाटात आहे," सिस्टर म्हणाली. "तोवर तो लावू?"

माझा पंप कधी अडत नाही. वजन मिळालं नाही तर शेवटचं मिळालेलं धरून चालू लागतो. मीच तसं लिहिलंय, आणि मिरवलंयही. पण शेवटचं वजन कुणाचं? याआधी तो कुठल्या बाळाला लावला होता? ते दुप्पट वजनाचं असलं तर औषधही दुप्पट जाणार.

"नको," मी म्हणाले. "तो लावू नका."

तेवढ्यात वायर बसली आणि पंप चालू झाला. जावई फरशीवरच बसून रडायला लागला. मलाही रडू यायला हवं होतं. पण सिस्टर माझ्याकडेच बघत होती.

"बाकीच्या सगळ्या बाळांना तुमचेच जुने पंप लावलेत, बाई," ती म्हणाली.

त्यांच्या आया बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना जाऊन सांगणं मलाच भाग होतं.