वरचा सूर

गळा साथ देईनासा झाला तेव्हापासून गायक शेवटच्या गाण्यातल्या लांब तानेला नुसते ओठ हलवायचा आणि साउंडवाला जुन्या रेकॉर्डिंगमधला आवाज सोडायचा. ती तान आली की बँडचे जुने चाहते डोळे मिटून घेत. ते तल्लीन होतात, असं गायकाला वाटे.

आज नेमका तेव्हाच त्याला ठसका लागला. माइकमधून खोकला आणि खणखणीत तान एकदमच ऐकू आली. तोच पहिल्या रांगेतल्या मावशी तारस्वरात, बेसूर गाऊ लागल्या. पाठोपाठ सगळी गर्दी गाऊ लागली आणि रेकॉर्डिंग त्यात बुडालं.

कार्यक्रमानंतर तो मावशींना गाठून म्हणाला, "तुम्हाला फसवायचं नव्हतं मला."

"फसवतोस कुठला! आम्हाला केव्हाच कळलंय."

"मग डोळे का मिटता?"

"तू ओठ हलवताना आम्ही टक लावून बघितलं, तर तुला कसंतरी होईल ना रे!"

मागून साउंडवाल्याने विचारलं, "दादा, उद्या तान सोडू की नको?"

गायकाला मान वर करवेना. तो पुटपुटला, "नको."